कौल पडला नाही

गाडीच्या लायसनची मुदत संपायला महिना उरला होता आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, सहासष्ट वर्षांच्या बाईला लायसनची एवढी काय काळजी? तर आधी तेच सांगते. आमच्या मालवणच्या घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी मोठी जाऊ. दोघींचेही नवरे गेले, मुलं मुंबईत. जाऊबाईंची मूत्रपिंडं निकामी झालेली, त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी कुडाळला न्यावं लागतं. नवऱ्याची पांढरी गाडी मी पन्नाशीत चालवायला शिकले, तीच आम्हाला नेते-आणते. लायसन गेलं तर जाऊबाईंना नेणार कोण? एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. एवढीच भीती असती तर मी ती चारचौघांत बोलून टाकली असती. पण तिच्याखाली दुसरी एक दडलेली होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

त्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही सकाळी कुडाळला निघालो होतो. गावाबाहेरच्या वळणावर ऊन समोरून आलं आणि काचेवर कोणी ताक ओतावं तसं सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात डाव्या बाजूला खट्ट आवाज आला. आरशात पाहिलं तर रस्त्याच्या कडेला लाल लुगड्याचा ठिपका, बसलेला की पडलेला, कळलं नाही. जाऊबाई डोळे मिटून होत्या. "काय वाजला गो?" त्यांनी विचारलं. "फांदी असात, वयनी," मी म्हटलं. गाडी थांबवली नाही. डायलिसिसची वेळ चुकेल असं मनाला सांगितलं, पण खरं म्हणजे उतरून बघायचा मला धीर झाला नाही. त्या दिवसापासून पेपर आला की मी आधी जिल्ह्याच्या बातम्यांचं पान उघडायचे, मोठी अक्षरं तेवढी दिसायची, बारीक अक्षरांत काय असेल या विचाराने तेच पान पुन्हा पुन्हा उलटायचे. दाराशी मोटरसायकल थांबली की पोलीस आला असं वाटायचं. आणि त्या वळणावर मी श्वास धरून, हॉर्न वाजवत, देवीचं नाव घेत जायचे.

आमच्याकडे माणूस अडलं की देवीला कौल लावतात. तिच्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मीही गेले. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि माझं गाऱ्हाणं घातलं, की काकींना लायसन मिळून त्यांच्या हातून जावेची सेवा घडेल काय. सेवेचं नाव मी मुद्दाम पुढे केलं होतं. वळणाचा शब्दही काढला नव्हता. अर्धा तास गेला, पाकळी हलेना. समईची वात चरचरली तरी मी दचकत होते.

"काकी, देवी उजवो देना नाय नि डावोय देना नाय," गुरव म्हणाला. "सगळां सांगलास मां तिका?"

"सगळां सांगलंय रे."

"मगे उद्या येवा. आज तिका बोलूचा नाय दिसता."

तो हसत बोलला. डावा कौल पडला असता तर मी रडले असते, देवीशी भांडलेही असते. तिचं गप्प राहणं मात्र सोसवेना. तिच्यासमोर खोटं बोलून मी चपला घातल्या आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही.

लायसनसाठी माझ्या वयाला डॉक्टरचा दाखला लागतो. डोळे तपासायचा तक्ता मी मागे एकदा वहीत उतरवून आणला होता, तो आरती पाठ करावी तसा पाठ केला आणि दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी एक मासे विकणारी बाई होती, माझ्याच वयाची, गुडघ्याला पट्टी. तिने हातातली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "बाये, जरा वाचून दाखय. गोळी जेवच्या आदी की मागसून?" मी चष्मा पुसला, चिठ्ठी दूर धरली, जवळ धरली. मुंग्यांची रांग नुसती. "ऱ्हवांदे," ती म्हणाली, "डॉक्टराचा अक्षर देवाकय वाचूक येवचा नाय." काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पायाक काय झाला?"

"पांढरी गाडी गो! गावाभायल्या त्या वळणार. आरसो पाटयेक लागलो नि मी गटारात. बांगडे खंय, मी खंय! तेवापासून रस्त्यान चलाक भिया वाटता. गाडयेचो आवाज इलो की पाय लटपटतत."

ती जिवंत होती, माझ्या शेजारी बसून बोलत होती, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. इतके दिवस आम्ही दोघी एकाच वळणाला भीत होतो. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी उठले. दार चार पावलांवर होतं, तक्ता तोंडपाठ होता. कोणी माझा खांदा धरला असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. पण पाय पुढे पडेना. मी परत बसले आणि देवीला जे सांगितलं नव्हतं ते त्या बाकावर सांगितलं.

"ती गाडी माझी."

ती बाकावरून माझ्याकडे वळली. "तू? मगे थांबलंस कित्या नाय?"

"भियान."

तिने गुडघ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "तीन दिवस गाळी घातलंय तुका. तुज्या सात पिढ्यांका पुरतल्यो. नि आता समोर बसलंस तर मेली एकय आठवणा नाय! जा आदी, डोळे दाखय."

आत जाऊन मी डॉक्टरांना सांगून टाकलं की तक्ता माझा पाठ आहे. ते हसले आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "मग आजची तारीख वाचा." मला तांबडे ठिपके दिसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "ऑपरेशन झाल्याशिवाय दाखला नाही, आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्याला भीत होते तेच पुढ्यात आलं. मी बाहेर येऊन रडले. ती बाई अजून तिथेच होती. जाऊबाईंचं सगळं ऐकून ती म्हणाली, "मंगळवार नि शुक्रवार? माजी सून टेम्पो घेवन कुडाळच्या बाजारात जाता. मागे मासळी, फुडे तुमी बसा." मी तिला गटारात ढकललं होतं, आणि तिने माझी वाट सोपी केली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पुढचे दोन-अडीच महिने आम्ही दोघी म्हाताऱ्या तिच्या सुनेच्या शेजारी दाटीवाटीने बसून कुडाळला गेलो. डॉक्टरांनी खारवलेली मासळी बंद केल्यापासून रुसलेल्या जाऊबाई पदर नाकाला लावण्याऐवजी लांब श्वास घेत म्हणायच्या, "वासार तरी जेवान होता गो."

ऑपरेशनच्या टेबलावर माझे दात वाजत होते. तिथे मी देवीला गाऱ्हाणं घातलं, वळणापासून, फांदी म्हटल्यापासून, गुरवापुढे खोटं बोलल्यापासून सगळं. काही मागितलं नाही. मागायचं राहूनच गेलं. दुसरा डोळाही झाला आणि पट्टी सुटली तेव्हा दारातल्या माडाच्या झावळीचं एकेक पातं सुटं दिसलं, आणि मी कॅलेंडर वाचलं, खालच्या बारीक अक्षरांसकट.

लायसन पोस्टाने आलं. ते घेऊन देवळात गेले. "काकी, कौल लावया?" गुरवाने विचारलं. "नको रे. नारळ ठेव नुसतो." आता देवीला होय-नाही विचारावंसं वाटत नाही. जे आहे ते तिच्यापुढे ठेवायचं आणि ती नेईल तिकडे जायचं, मग ती मासळीच्या टेम्पोतून का नेईना. त्या दिवशी उजवी पाकळी पडली असती तर मी तो पाठ केलेला तक्ता म्हणून मोकळी झाले असते, आणि पुढच्या उन्हात काय झालं असतं याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

भीती गेली असं नाही. वळण आलं की हात अजून घट्ट होतात. मी गाडी अगदी हळू करते. ती मासेवाली पाटी सावरत कडेने चाललेली असते, गाडी ओळखते आणि ओरडते, "दिसतंय मां गो मी?"

मी काच खाली करते. "दिसतंस गो बाये, दिसतंस."