व्याह्याच्या दारातली कळ

चौसाळ्यात आमच्या समोर राहणारे मामा म्हणजे ताठ माणूस. रामराम घालतील, पण मान हलणार नाही. पोराच्या लग्नात आपल्याला हलका फेटा बांधला म्हणून गावातल्याच व्याह्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं.

अशा माणसाच्या मणक्यात नस दबली आणि डॉक्टरांनी पुढं वाकायला सांगितलं. घरी मामा उताणे पडून गुडघे छातीशी घेतात. रस्त्यात पायात कळ आली की असतील तिथंच कमरेत वाकतात.

परवा मी सोबत होतो. कळ नेमकी व्याह्याच्या दारात आली. मुलाचा बाप आपल्यापुढं वाकलेला बघून व्याही गडबडीनं त्याहून खाली वाकले आणि दोघांची डोकी आपटली.

"आवो, आमी पोरीकडचे. तुमी कावून वाकता?" म्हणत व्याह्यांनी डोळे पुसले आणि चहा पाजला.

परतताना मामा हळूच म्हणाले, "कंबरेचं त्याला सांगू नका. लई हळवा गडी हाय."

हल्ली मामांची कळ त्याच दारात येते, रोज चहाच्या वेळेला.