दारं-खिडक्यांचं तेल

चकचकीत लाकडी वाटी पाहिली की मला मळमळतं. लाकूड म्हणजे काच नव्हे. त्याच्यावर वार्निशचा थर द्यायचा, त्यात गरम खीर ओतायची, मग तो थर फुगतो, त्याचे पोपडे निघतात आणि माणूस ते खिरीबरोबर गिळतो. वरून सांगतो, लाकडात जेवणं तब्येतीला चांगलं. दुसरे शहाणे भाजीचं तेल चोपडतात. एका बाईनं माझ्याकडची वाटी सोयाबीनचं तेल लावून कपाटात ठेवली होती. परत आणली तेव्हा खवट वास, हाताला चिकट, आणि तळाशी झुरळाचा एक पाय. ती वाटी मी चिमट्यानं उचलली.

मी तिसरीपर्यंत शिकलो. मग बापानं खरादीवर बसवलं. यंत्रावर लाकूड फिरतं आणि आपण पटाशीनं त्याला गोल आकार देतो, ते काम. तात्यापाऱ्यात, या हिंदी मुलखातल्या मराठी मोहल्ल्यात, आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून आहे. मागच्या पडवीत खराद, पुढं दुकान. लाटणी, रवी, वाट्या. दुसरं काही मला येत नाही आणि यावं असं वाटलंही नाही.

यंदा नातीच्या पोराचं उष्टावण ठरलं. नात शहरातल्याच पुरानी बस्तीत दिली आहे. उष्टावणाची वाटी मुलीच्या माहेराहून जाते. लोक चांदीची देतात. आमच्या घरची लाकडाची असते आणि घरच्याच माणसानं केलेली असते. पण ही पोट्टी ऑफिस सुटल्यावर आली ती मोबाइलवरून मागवलेली वाटी घेऊन.

"आजोबा, ये कैसी है?"

मी आधी वास घेतला. नखांना लावायच्या रंगाचा भपकारा आला. कडेला नख लावलं तर पापुद्रा सुटला.

"हे पोराच्या तोंडात घालशील?"

"सूखने के बाद कुछ नहीं होता, आजोबा. डिब्बे पर लिखा है."

"लिहिणाऱ्याले म्हणावं, तूच चाट."

वाटी तिच्यासमोरच भुशाच्या टोपलीत टाकली. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, मी करून देतो, खम्हारीची. खम्हार म्हणजे आपली शिवण, हलकं, पांढरट लाकूड.

दोन दिवसांत वाटी झाली. घासली, तेल पाजलं, दुसऱ्या दिवशी कोरडी. नात न्यायला आली आणि तिनं माझ्यासारखंच आधी नाक लावलं.

"क्या लगाया है?"

"जवसाचं तेल. अलसी. आपण चटणीत खातो थेच."

आणि गिऱ्हाइकांना दाखवतो तसं मी तेलाच्या डब्यात बोट बुडवून चाटलं. तिनं डबा उचलला, फिरवून मागचं बारीक अक्षर वाचायला लागली.

"आजोबा, थूको."

"काहून?"

"पहले थूको!"

मी थुंकलो. ती वाचून राहिली होती. खाण्यासाठी नाही. मुलांपासून दूर ठेवा.

"अलसीच आहे ना थे? अलसी काय जहर आहे?"

मी डबा काखेत मारून रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार मला वर्षानुवर्षं तेच तेल देत आला आहे. तो हसला.

"दादाजी, ये दरवाज़े-खिड़की का तेल है. सुखाने की दवा पड़ती है इसमें, तभी तो एक दिन में सूखता है. आप इसका करते क्या हो?"

"वाट्या."

"खाने के? अरे, सूखने के बाद कुछ नहीं होता."

त्याच्या तोंडावर डबा मारावासा वाटला. पण तो काय खोटं बोलला होता? मी कधी विचारलंच नव्हतं.

माझा बाप घाणीवरून तेल आणायचा. ते सुकायला तीन-तीन आठवडे लागायचे, वाट्या उन्हात मांडून ठेवाव्या लागत. घाणी बंद पडली तेव्हा मी हा डबा धरला. त्याच्यावर अलसीचं निळं फूल होतं. दुकानदार म्हणाला, दोनदा उकळलेलं आहे. मला ते फार पटलं. लेकराला आपण दूध उकळूनच देतो, पाणीही. वाटलं, बापापेक्षा चोख माल मिळाला. आणि एका दिवसात सुकतं ते माझ्या हाताच्या सफाईनं, असं मी लोकांना सांगत फिरलो. दुसऱ्यांच्या वार्निशवर थुंकत होतो, आणि स्वतः?

घरी येऊन चार वेळा चूळ भरली. जिभेवरची ती कडवट चव गेली नाही. स्वतःच्याच तोंडाची किळस आली.

उष्टावण तीन दिवसांवर आलं होतं, तोवर खरं तेल सुकणार नव्हतं. मुलगा म्हणाला, चांदीची आणू. मी नाही म्हटलं. दुसरी वाटी केली आणि तिला काहीच लावलं नाही. ओल्या फडक्यानं पुसायची, लाकडाचे तंतू उभे राहिले की घासायची, परत पुसायची. हाताला कापसाच्या बोळ्यासारखी मऊ लागेपर्यंत तेच केलं.

उष्टावणाला नातीच्या सासूनं वाटी हातात घेतली.

"दादाजी, इसमें पॉलिश नहीं किए? बिल्कुल सूखी है."

नातीनं मान खाली घातली. तिनं सासरी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे अशीच देतात, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"जो लगाता था, वो दरवाज़े-खिड़की का तेल निकला," मी म्हटलं. "बच्चे के मुँह में नहीं दूँगा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी खीर वाढली. मामानं पहिलं बोट चाटवलं. पोरानं खीर अर्धी गालावर घेतली आणि दोन्ही हातांनी वाटी धरून तिची कड हिरड्यांनी चावायला लागला. लाकूड दूध प्यायलं, आत पिवळा डाग पसरला. संध्याकाळपर्यंत वाटी आंबणार, हे मला दिसत होतं. आंबू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ब्राह्मणपाऱ्यात गेलो. पहिलं घर माझी वाटी नेलेल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंचं. त्यांना सगळं सांगितलं.

"इतके दिवस दही खाल्लं मी त्या वाटीत," त्या म्हणाल्या, "काही झालं नाही हो मले."

"झालं नाही थे तुमचं नशीब. वाटी द्या."

त्यांनी आतून वाटी आणली. मी ती न बघता पिशवीत टाकली आणि पुढच्या घराची कडी वाजवली.