बाबांचं रिव्हॉल्व्हर आणि माझं "बिल्कुल चालतं"

दिल्लीकर मंडळी, आत्ताच पोलीस ठाण्यातून घरी आलेय.

साताऱ्याजवळ बाबांचं सराफी दुकान आहे, म्हणून त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. दर खंडेनवमीला त्याची पूजा होते. यंदा सणाला ते माझ्याकडे, आर. के. पुरमला येणार होते. फोनवर त्यांनी विचारलं, "दिल्लीत चालेल ना गं?"

मी ऑफिसच्या घाईत म्हटलं, "लायसन्स आहे ना? मग बिल्कुल चालतं!" जणू गाडीचंच लायसन्स.

आज दुपारी रेल्वे स्टेशनवरून येताना मेट्रोच्या तपासणीत बाबांची बॅग अडली. परवाना निघाला फक्त महाराष्ट्रापुरता. रिव्हॉल्व्हर जप्त झालं, केस झाली, नोटीस देऊन बाबांना सोडलं.

त्याआधी ठाण्यात पोलीस साहेबांनी विचारलं होतं, "किसने बोला था लाने को?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "किसी ने नहीं. मेरी ही गलती है."

आणि मी शेजारी गप्प बसून राहिले.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या पाटावर तुझा लॅपटॉप ठेवू." ज्यावर हा नियम मला दोन मिनिटांत सापडला असता, तोच.

सांगा, कुठल्या तोंडाने त्याला हळदकुंकू वाहू?