उघाडी लावूनच उठायचं

फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर बेचाळीस आकडा आला होता आणि यायला पायजे होता एक्केचाळीस, गेटवर ट्रेलरवाले हॉर्न मारत होते, ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर माझ्यामुळं अडकलेले, आणि फोनवर हे म्हणत होते, "ताईला जास्त झालंय, तुला विचारतेय, अशीच्या अशी ये." मी हो म्हटलं... आणि उठले नाय. महिना झाला ताईंना जाऊन. मी तेव्हा उठले नाय, ते अजून ह्यांना सांगितलेलं नाय.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरचं सगळं त्याच बघायच्या. मी बारावी अर्ध्यात सोडलेली, लग्न झालं, स्वरा झाली, मग त्यांनीच मला तिथं एण्ट्री करायला लावलं आणि पनवेलला क्लासला पण घातलं. क्लासात फॉर्म बनवायला, यादी काढायला शिकवलं, सर्टिफिकेट मिळालं, मला वाटलं आलं आपल्याला. ताई हसल्या. म्हणाल्या, "ही तर पाटी-पेन्सिल झाली, पोरी. दोघांनी एकाच वेळी एकच कंटेनर हलवला तर काय करशील, ते सांग."

मग रोज डबा खाऊन झाला की शिकवायच्या. कंटेनर हलला की दोन ठिकाणी लिहावं लागतं, जुनी जागा रिकामी, नवी भरलेली. एक लिहिलं आणि दुसरं राहिलं तर कॉम्प्युटरला तो कंटेनर कुठंच नाय, ड्रायव्हर बिचारा यार्डभर फिरतोय. म्हणून आधी बिगिन करायचं, दोन्ही लिहायचं, मोजायचं, बरोबर असलं तर कमिट, म्हणजे पक्कं. नसलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं होतं तसं. तोवर त्या नोंदींना दुसऱ्या कोणाला हात लावता येत नाय, त्यांचे स्क्रीन थांबून राहतात. माझ्या डोक्यात काय शिरेना. तेव्हा त्यांनी विचारलं, तुझा बाप मिठागरावर होता ना, बांधाची उघाडी उघडून भरतीचं पाणी आत घेतलं की दार तसंच टाकून घरी यायचा का? मी म्हटलं, नाय, पाणी बघत उभा राहायचा, दार पाडायचा, मग यायचा. "बस. उघाडी लावूनच उठायचं."

त्यांची एक सवय होती. बिगिन केलं की हातातलं घड्याळ काढून कीबोर्डजवळ ठेवायच्या, कमिट झालं की परत घालायच्या. घड्याळ टेबलावर दिसलं की चहावाला पण न बोलता मागं फिरायचा. एकदा सासूबाईंचा फोन आला, स्वरा पडली, रक्त येतंय, आणि मी बिगिन करून तशीच पळाले. पाऊण तास यार्ड ठप्प. साहेबांच्या शिव्या ताईंनी खाल्ल्या, माझं नाव पण घेतलं नाय. घरी येऊन स्वराच्या गुडघ्याला हळद लावत एवढंच म्हणाल्या, "रोलबॅकला एक क्षण लागतो. तेवढा करून पळायचं."

मग त्यांच्या किडन्या गेल्या. पनवेलच्या हॉस्पिटलात डायलिसिस चालू असताना पण मला प्रश्न विचारायच्या, शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, हिला सोडा आता, पोरगी घाबरलीय. तेवढ्यात यार्डातला एक भाग रिकामा करायचं ठरलं, एक्केचाळीस कंटेनर एकदम नव्या जागेला दाखवायचे, आणि त्याचा प्रोग्राम पहिल्यांदाच मी एकटीनं लिहिला. ऑफिसात बोलायचे, नणंदेच्या जिवावर उड्या मारते. आदल्या दिवशी ताई म्हणाल्या, उद्या चालव. "झालं म्हणून सांगायला ये. रोलबॅक केलं म्हणून सांगायला येऊ नको." चेष्टेत म्हणाल्या हो, हसत होत्या. पण मी ते धरून बसले.

तर ते बेचाळीस... रोलबॅकला एक क्षण. मला येत होतं. पण मला जाऊन "झालं" म्हणायचं होतं. एकेक नंबर बोट ठेवून बघत गेले, जादाचा एक सापडला, तो सकाळीच बंदराकडं गेलेला, गेटवर बाहेर गेल्याची नोंद करायची राहिलेली. त्याचं होतं तसं केलं, परत मोजलं, एक्केचाळीस, कमिट. अकरा मिनिटं गेली. बाहेर पळाले, एका ट्रेलरवाल्यानं हायवेपर्यंत सोडलं, पुढं रिक्षा. वॉर्डाच्या दारात नर्स म्हणाली, "आत्ताच." हे भिंतीकडं तोंड करून उभे होते. मागं न बघता म्हणाले, ट्रॅफिक होतं का गं? मी हो म्हटलं.

ताईंचं घड्याळ हॉस्पिटलानं पिशवीत घालून दिलं. ह्यांनी ते मलाच दिलं, म्हणाले, तुझ्या कामाचं हाय. आता ताईंच्या खुर्चीत मी बसते. बिगिनच्या आधी घड्याळ कीबोर्डजवळ ठेवते. कमिट झालं की हाताला घालावंसं वाटतं, पण घालायला होत नाय, तसंच पर्समध्ये टाकते. हे लिहिलेलं छापून आलं की ह्यांना कळेल, ट्रॅफिक नव्हतं. त्याची भीती वाटतेय मला. रोलबॅक करून पळाले असते तर त्या भेटल्या असत्या का, ते पण मला माहीत नाय. भेटल्या असत्या आणि विचारलं असतं, झालं का, तर... तुमी माझ्या जागी असता, एक आकडा जास्त आलेला असता, फोन कानाला असता, तर तुमी काय केलं असतं?