आजोबांच्या नावाचा रकाना

"त्या घरात आजोबांचं नाव विचारायचं नसतं," वकीलसाहेब म्हणाले आणि सगळी खोली हसली.

मी सतरा वर्षांची होते. तंजावरातल्या आमच्या मराठी तरुण मंडळातली ती माझी पहिलीच बैठक. वकीलसाहेब मंडळाचे अध्यक्ष. दर रविवारी ते सांगायचे, आपण मूठभर उरलो, आपण एक कुटुंब. मग नव्याने आलेल्याने उभं राहून ओळख द्यायची. नाव, वडील, आजोबा, आणि राजवाड्यात घराण्याकडे कोणतं काम होतं ते. राज्य बुडून शंभर वर्षं झालेली. तरी रेल्वेतला कारकून छाती काढून सांगायचा, आमचे खापरपणजोबा किल्लेदार. मग वकीलसाहेब म्हणायचे, "आमचाच तू," आणि त्याच्या हातावर विडा ठेवायचे.

माझ्या आजीला राजघराण्याच्या कुणा नातलगाने ठेवलं होतं. त्याने आपलं नाव ना तिला दिलं, ना तिच्या मुलाला. तो मुलगा म्हणजे माझे वडील. ते लवकर गेले. पण ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक. वकीलसाहेबांनाही ठाऊक. ठाऊक असूनच त्यांनी मला आजोबांचं नाव विचारलं आणि वर खोलीला हसवलं.

मला विडा मिळाला नाही. कॉफीचे पेले गोळा करायला सांगितलं. मी केले. त्यांच्या हसण्यापेक्षा याचीच मला आज जास्त लाज वाटते. घरी येऊन आईवर ओरडले, एखादं नाव ठोकून द्यायला काय झालं होतं? आई म्युनिसिपल दवाखान्यात सुईण. या बड्या घराण्यांची निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. ती एवढंच म्हणाली, "तिकडे जाऊ नको गे."

मी गेले. दोन वर्षं गेले. कॉलेजात तमिळ मुली मला मराठीण म्हणायच्या आणि मराठ्यांत मी कुणाचीच नव्हते. मला कुणाची तरी व्हायचं होतं. वकीलसाहेबांनी बालवर्ग माझ्या गळ्यात घातला. "हिला सवय आहे सेवेची," म्हणाले. पोरांना मराठी कळायचं, बोलता यायचं नाही. लंगडी, फुगड्या, गाणी, करता करता मी त्यांना बोलतं केलं. वार्षिक सभेत हार वकीलसाहेबांच्या गळ्यात पडला. मी टाळ्या वाजवल्या.

एका रविवारी एक स्वयंपाकीणबाई आपल्या मुलीला वर्गात सोडून गेली. ओरत्तनाडूहून नुकत्याच आलेल्या. मुलगी आठ वर्षांची असेल. पावडईचा, म्हणजे परकराचा, काठ मुठीत धरून उभी. मंडळाची नोंदवही माझ्या हातात. शेजारी खुर्चीत वकीलसाहेब. मुलीने नाव सांगितलं, चंपा. वडिलांचं सांगेना, खालीच बघत राहिली.

"बरं, आजोबांचं नाव सांग. खाली काय पाहूलीस?"

हे मी विचारलं. माझ्या तोंडाने. त्यांच्याच सुरात. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत मी त्यांची झाले नव्हते, त्यांचं हत्यार झाले होते.

"तो रकाना रिकामा सोड," वकीलसाहेब म्हणाले. "आणि मागे बसव तिला."

मी विचारलं, "साहेब, तुमच्या आजीचं नाव काय?"

"काय?"

"वडिलांच्या आईचं. नाव."

सात पिढ्यांचे पुरुष घडाघडा म्हणणारा माणूस. त्याला आजीचं नाव येईना. दारात चार सभासद उभे होते. मी त्यांनाही एकेक करून विचारलं. एकाला आठवलं. बाकीच्यांना नाही.

"फार झालं," वकीलसाहेब म्हणाले. "नाव कापीन तुझं."

पेन माझ्याच हातात होतं. मी पानं उलटली, माझं नाव शोधलं आणि कागद फाटेपर्यंत त्याच्यावर रेघा ओढल्या. मग चंपाचा हात धरून बाहेर पडले. मागे कुणी आलं नाही. यावं असं मला वाटलंही नाही.

पुढच्या रविवारपासून आमच्या तिण्णैवर, रस्त्याकडेच्या ओट्यावर, वर्ग भरू लागला. चंपा आणि दोन तमिळ पोरं, एवढाच. वकीलसाहेबांनी निरोप धाडला, माफी माग, परत घेतो. मी उत्तर धाडलं नाही. मला परत घेणारे ते कोण? त्यांच्या हातचं आपलेपण मला नको, आणि माझ्या दारात येणाऱ्या पोरांना मी ते मागू देणार नाही.