अरफाच्या साखरेतलं मीठ

"बाई, तुमच्या गुडघ्यातसुद्धा साखर असते," अरफा मला म्हणाली.

"म्हणजे आता डायबेटिसच्याही गोळ्या?"

"छे हो! ही गोड नसते. कूर्चेत तिच्या लांब साखळ्या असतात, पाणी धरून ठेवतात. म्हणून गुडघा करकरत नाही."

सातवीत ती माझ्या वर्गात होती. उत्तर येत असलं की हात वर करायची नाही, सरळ उभीच राहायची. २००६ साली ती पीएच.डी. करत होती. कोवळ्या आणि म्हाताऱ्या बोकडांच्या गुडघ्यांतल्या या साखळ्यांत फरक काय, हा विषय. गुडघे पुरवायचे तिचे महेबूबमामू, खाटीक.

साखळ्यांचे तुकडे करून त्यांचं वजन करणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, कॉलेजात नव्हतं. अंबडच्या एका औषध कंपनीत होतं. तिथले कुंदन सर म्हणाले, "दोन सुट्ट्यांचे दिवस देतो. काही दिसलं तर वर्षभर ये. नाही दिसलं तर मला वर सांगायला तोंड नाही." यंत्र गेलं असतं तर प्रबंध अर्ध्यावर राहिला असता.

पहिल्या सुट्टीला पडद्यावरच्या आलेखात, एकेका वजनाचं एकेक शिखर दिसायचं तिथे, नुसता गवताळ कचरा उगवला.

"नमुना सडलाय," कुंदन सर म्हणाले.

अरफा पडद्याजवळ सरकली. "सडलेलं असं रांगेत उभं राहत नाही, सर. दर दोन शिखरांत बावीसचंच अंतर आहे. हायड्रोजनच्या जागी सोडियम बसलं की वजन बरोबर बावीसनं वाढतं. साखरेला सोडियम चिकटलंय. एकीला एक, दुसरीला दोन. नेहमीच्या धुण्यानं निघालं नाही, म्हणजे मीठ भरपूर पडलंय."

तिथूनच तिनं फोन लावला. "मामू, गुडघ्यांना मीठ लावलंत?"

"मग? रोज लाइट जाते. चामड्याला लावतो तसं चोळून लावलं. नाहीतर तुझं सँपल स्वतःच चालत कंपनीत आलं असतं!"

ती रागावली नाही. न तोडलेल्या साखळ्यांचा अर्क तिनं मुद्दाम बाजूला ठेवला होता. लांब साखळ्या वर अडकतात आणि मीठ खाली जातं, अशा बारीक गाळणीतून आठवडाभर तो पुन्हा पुन्हा धुतला. यंत्रात उडून जाईल असा अमोनियाचा क्षार घालून सोडियम हुसकावलं, मग साखळ्या तोडल्या. दुसऱ्या सुट्टीला शिखरं अशी सुटी उभी राहिली, की कोवळ्या आणि म्हाताऱ्या गुडघ्यांतला फरक कुंदन सरांनी खुर्चीतूनच वाचला.

"वॉचमनला तुझं नाव सांगून ठेवतो," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या खेपेला मामू गुडघे घेऊन आले तेव्हा मी तिच्या घरीच चहा घेत होते. डबा त्यांनी दिमाखात टेबलावर ठेवला. "मीठ नाही, बर्फ! आपल्या कुल्फीवाल्याकडून आणला, लवकर वितळत नाही."

अरफानं झाकण काढलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि खो-खो हसत सुटली. कुल्फी गोठावी म्हणून कुल्फीवाल्याच्या बर्फात मूठमूठ मीठ असतंच.

मामूंचा चेहरा पडला. "फेकू का?"

"कशाला? ठेवा इथेच," पदर खोचत ती म्हणाली. "मीठ काढायचं काम आता माझं."