कोपराखालची घंटी

माझी थोरली बहीण सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आणि दर वर्षी मुलांकडून बटणांचे प्रकल्प करून घेते. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या आणि एक यू-पिन, झालं साधं बटण. मग जिन्याच्या दिव्याचं, खाली लावा, वर विझवा. मग घंटीचं, दाबाल तोवरच वाजणारं. "तार जोडायची नाहीतर तोडायची, बाकी सगळा थाट," हे तिचं वाक्य आता मलाही पाठ झालंय.

भावोजींना अर्धांगवायू झाला. आवाज पलंगापलीकडे जाईना. दिवसा मी असते. संध्याकाळसाठी ताईने त्यांच्या हाताशी घंटीचं बटण बसवलं. शाळेतून आली की ती स्वयंपाकघरात उभी. घंटी कधी वाजली नाही. "काही मागत नाहीत गं, शहाण्यासारखे पडून असतात," ती म्हणायची. दमलेल्या माणसाला शांतता गोडच लागते.

एका संध्याकाळी मला निघायला उशीर झाला. पाहते तर भावोजींचा अंगठा बटणावर, नख पांढरं पडलेलं, आणि घंटी मुकी.

"रोज दाबतो," ते पुटपुटले.

दोन महिने! मी तणतणत आत गेले. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांच्या बोटात जोर आहे का, ते तरी बघायचंस."

ताई हातात झारा घेऊन स्टुलावर बसली. "वाजत नाही म्हणजे काही नको, असंच धरून चालले मी," म्हणाली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गातला चोरघंटीचा प्रकल्प मागून आणला. दोन पुठ्ठ्यांना चंदेरी कागद, मध्ये भोक पाडलेला स्पंज. पायपुसण्याखाली ठेवायचा; वर भार पडला की कागदाला कागद टेकतो. तिने तो भावोजींच्या कोपराखाली सरकवला. वाजते का ते बघायला मीही थांबले.

वाजली. पाणी हवं होतं. पुन्हा वाजली, खिडकी लावायची होती. भांडी घासून होईस्तोवर सात वेळा.

"आता मुद्दाम करताहेत," मी कुरकुरले.

आठव्यांदा ती हात पुसत, पाय ओढत गेली. "आता काय हवंय?"

"बस जरा."

ती पलंगाच्या कडेला बसली. घंटी वाजतच होती. मग तिने त्यांचं कोपर अलगद उचललं आणि स्वतःच्या मांडीवर घेतलं, तेव्हा थांबली.